देवीला दाखवून आणलेली भाजी

देवळाच्या पायरीवर वाहिलेली भाजी संध्याकाळपर्यंत कुठे जाते, हे तुम्ही कधी थांबून पाहिलंय का? मी पाहिलं होतं. पनवेलच्या बाजूच्या एका गावात हंगामाचा पहिला तोडा, म्हणजे पहिल्यांदा खुडलेली भाजी, गावदेवीला वाहतात. दुपारपर्यंत पालेभाजी मान टाकते, मग बकऱ्या येतात. गेल्या वर्षी मी, भाजी अशी वाया घालवू नका म्हणून, त्यावर पत्रक काढलं आणि त्या गावात घरोघर वाटलं. त्यात तर्क चोख होता, माया अजिबात नव्हती.

त्याच गावातल्या बायकांकडून आम्ही तुर्भ्याच्या वस्तीत दर गुरुवारी वाटायला भाजी घ्यायचो. खर्च एका कंपनीच्या मदतनिधीतून व्हायचा. यंदा त्यांनी हात आखडता घेतला. कारण काय, तर भाजी नाशवंत, अहवालात दिसत नाही. त्याऐवजी बिस्किटांची खोकी देतो म्हणाले, आणि सोबत त्यांच्या नावाचा फलक. मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी मला ‘सकारात्मक राहा’ असा सल्ला दिला. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. भाजी आणणाऱ्या हिरामावशींना फोन करून सांगितलं, आता आणू नका.

गुरुवारी सकाळी ‘भाजीवाटप बंद’ असा कागद लावायला गेले, तर बायका पिशव्या घेऊन आधीच बसलेल्या. सगळ्यांत पुढे रुखसाना, सातवा महिना. अंगात रक्त कमी, पालेभाजी खा असं दवाखान्यात सांगितलेलं. भाजीची काळजी करू नकोस, मी आहे ना, असं मीच तिला म्हटलं होतं. आता त्या ‘मी आहे ना’ची मला लाज वाटली. मी देव मानत नव्हते. तरी तिथे उभ्या उभ्या मनातल्या मनात त्याच्याशी भांडले, की मला जमत नाही, तुझं तू बघ. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. पण ‘मला जमत नाही’ हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

चिकटपट्टी तोडत होते, तेवढ्यात टेम्पो आला. हिरामावशी उतरल्या. मागे लाल माठ, भेंडी, हळदकुंकू लावलेले दुधी. पैसे नाहीत हे फोनवर सांगितलं होतं ना, असं मी जवळजवळ ओरडलेच.

“इकाला नाय आनली. देवीची हाय,” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. माझं पत्रक त्यांनी चुलीत घातलं होतं. देवीला शिकवणारी ही कोण? पण आदल्या दिवशी पहिला तोडा देवीला दाखवून पायरीवर ठेवायला वाकल्या, तर पाटीवरचा हातच सुटेना. मागच्या बायका खोळंबल्या. शेवटी पाटी तशीच डोक्यावर घेऊन त्या परत फिरल्या, आणि त्यांचं पाहून आणखी चार घरांनी आपापल्या पाट्या उचलल्या.

“तुज्या कागदानं नाय हां, उगाच फुगू नको,” त्या मला म्हणाल्या. “तिनंच धरला हात.”

दुध्यावरचं कुंकू त्या पदराने पुसू लागल्या तेव्हा रुखसाना हसली. “रहने दो मौसी, धो के ही पकाऊंगी.” तिने माठाच्या दोन जुड्या पिशवीत घातल्या. माझा कागद माझ्या मुठीतच चुरगळला होता.

हात का सुटला नाही, यावर मी वाद घालणार नाही, आणि वाद न घालणं मला किती जड जातं हे माझ्या ओळखीच्यांना ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मी समजत होते. तसं नाही. कंपनीवरचा माझा राग शाबूत आहे, चौथी खेप घालणार आहे. फक्त सगळं माझ्या जोरावर चाललंय हा ताठा उरला नाही. त्या देवीची मी ऋणी आहे, आणि पत्रक जाळणाऱ्या मावशींचीही.

पण पहिला तोडा हंगामात एकदाच येतो, पिशव्या दर गुरुवारी येतात. म्हणून एक मागणं. खारघरच्या तुमच्या सोसायटीतलं देऊळ असो की गावाकडचं, देवापुढे भाजी ठेवाल तेव्हा त्याला दाखवा, हात जोडा आणि तिने मान टाकायच्या आत ती उचलून जवळच्या वस्तीतल्या एखाद्या रुखसानाच्या पिशवीत नेऊन घाला.