मानाचा टावेल

आमच्या घरात साबणाने बादली फुटलेली आहे. खोटं वाटेल, पण ती बादली अजून गच्चीवर आहे, तिच्यात कोरफड लावलीय. साबण बचत गटाच्या बायकांनी केलेला, अस्सल इथला, विटेसारखा. माझ्या हातून निसटला आणि प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ घेऊनच खाली गेला. बायको दाराबाहेरून म्हणाली, “अहो, देशप्रेम कुठं लागलं तर नाही ना?”

हे देशप्रेम मला फार उशिरा सुचलं. लातुरात माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. परदेशातून आलेल्या स्वस्त तोट्या मी वर्षानुवर्षं विकत आलो. त्यांना चकाकी अशी की गिऱ्हाईक त्यात तोंड बघतं, आणि वर्षाच्या आत तोटी अशी गळते की तेच गिऱ्हाईक वाकडं तोंड घेऊन परत येतं. त्यात माझ्या जिवाला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते कंधारला गेलो तेव्हा.

कंधार माझं गाव. तिथं शाळेपासूनचा माझा एक दोस्त हातमागावर टावेल विणायचा. घरात तेलुगू बोलणारी, पिढीजात विणकर माणसं. त्याच्या आईनं लहानपणी मला दिलेल्या शिव्यांवर माझं सगळं तेलुगू उभं आहे. त्यामुळे मला त्या भाषेत भांडता येतं, पाणी मागता येत नाही. माग घराच्या मधल्या खोलीत. जमिनीत खड्डा खणलेला, काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या पट्ट्या दाबत विणायचं. मी कधीही गेलो तरी हा कमरेपासून वरचाच दिसायचा. त्या दिवशी गेलो तर अख्खा दिसला, उंबऱ्यावर बसलेला. मागावर सूत नव्हतं. वहिनींनी त्यावर धुतलेले कपडे वाळत घातले होते.

“काय रे, सुट्टी का?” मी विचारलं.

“हाव. गिऱ्हाइकानं दिली.”

मग त्यानं सांगितलं. बाजारात बाहेरदेशचे टावेल आलेत. मऊ, रंगीत, लोकरीसारखे फुगलेले. ह्याच्या एकाच्या भावात तसले दोन येतात. दुकानदार म्हणतात, तुझा टावेल चांगला हाय, पण तू सोडून तसं म्हणणारं कोणी येईना. पोरगा भिवंडीला पॉवरलूमवर होता, तो तिकडं बोलवत होता. नांदेडला एका होस्टेलवर वॉचमनची जागाही निघाली होती.

“मग मागाचं?”

“उकलायचा. लाकूड चांगलंय.”

आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसून चहा प्यायला असता. पण माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि माझ्या जिभेला लगाम नाही. मी उभाच राहिलो. “मागाला हात लावायचा न्हाई. पोरीच्या लग्नातले सगळे टावेल तुझे!”

आमच्याकडे लग्नात पाहुण्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टावेल पडला नाही, तर तो दोनदा बुंदी घेऊनही उपाशी गेल्यासारखा वर्षभर बोलतो. त्यामुळे मी देत होतो ते काम लहान नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. दोस्त मात्र माझ्याकडं बघत राहिला.

“दया करून राहिला का?”

“दया कामून करू? टावेल पाहिजेत.”

“मग ऐक. तुझ्या मांडवात देवणी, उदगीर, नांदेड, कुठकुठले लोक येतील. त्यातल्या एकानं जरी मागाहून फोन केला, की तसले आणखी पाहिजेत, तर माग ठेवतो. न्हाई तर उकलतो. मग तू मधी बोलायचं न्हाई.”

“कबूल,” मी म्हणालो. दुसऱ्याच्या मागावर पैज लावायला मला काय जातं?

त्यानंतरचे दोन महिने बरे गेले. तो दिवसाआड फोन करायचा. आज काठ लाल केला, आज लालाशेजारी हळदीची एक रेघ घेतली, वहिनी सुताच्या कांड्या भरून देतात, शेजारची म्हातारी मागावरच्या धोट्याचा आवाज ऐकून बघायला आली. पहिला टावेल त्यानं मला एसटीनं पाठवला. मी अंघोळ करून ऐटीत अंग पुसायला घेतलं. पाणी पुसलं गेलं नाही, पाठीवरून पोटावर आलं. मी ओल्या अंगानंच फोन लावला.

“येड्या, खळ हाय त्याला,” तो म्हणाला. “तीनदा धू आधी. मग बघ कसा पाणी पेतो ते.”

“बरं झालं सांगितलंस. लग्नात माइकवरून सगळ्यांना सांगतो.”

माइकवरून हेच सांगायला मी विसरलो. पुढचं सगळं आठवताना मला आधी हेच आठवतं.

लग्नाच्या आठवडाभर आधी इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, उदगिराहून आले. मोठे गोड माणूस. टावेल हातात घेतला, कौतुक केलं, आणि तो इतका सावकाश खाली ठेवला की मी समजलो.

“पाहुणे, तुमचं हे गावातल्या मालाचं लई आवडलं बघा. पण आमच्याकडचे चार मोठे मानकरी हायेत. त्यांना जरा डब्यातलं देऊ. बरं दिसंल.”

मी महिनाभर दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून, आपल्या माणसाच्या हातचं घ्या म्हणून प्रवचन देत होतो. गिऱ्हाइकं तोटी न घेता निघून गेली होती. आणि आता माझ्याच तोंडातून आलं, “हो हो, तसं तर तसं! त्यात काय!” बायको आतून चहा घेऊन आली होती. तिनं कप माझ्यासमोर जरा जोरात ठेवला.

चार कमी पडायला नकोत म्हणून मी नांदेडहून डझनभर डबे मागवले. जांभळा टावेल, डब्याला पारदर्शक खिडकी, वर सोनेरी अक्षरं, आणि खाली बारीक अक्षरांत एका लांबच्या देशाचं नाव. डझन म्हणजे काय, मी स्वतःला सांगितलं. बाकी ढीगभर तर त्याचेच आहेत.

लग्न दणक्यात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, माझा मेहुणा टोप्या आणि टावेल वाटत फिरत होता. दोस्त आणि वहिनी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यानं दाढी केली होती, कडक पांढरा सदरा घातला होता. स्टेजवर फोटो चालले होते, पण तो नवरानवरीकडं बघत नव्हता. लोकांच्या खांद्यांकडं बघत होता.

जेवून हात धुतलेले लोक नव्या टावेलानं हात पुसायला लागले आणि मला माझा विसरलेला शब्द आठवला. तोवर उशीर झाला होता. एकजण दुसऱ्याला म्हणाला, “काय हो, हे पुसायलंय का पसरवायलंय?” हशा झाला. एकानं खुर्ची पुसली. बरेच जण टावेल खुर्चीच्या पाठीवर टाकून मोकळ्या खांद्यानं निघाले. टोप्या मात्र घातल्या सगळ्यांनी. दोस्ताची नजर त्या खुर्च्यांवरून फिरत होती आणि मला ती बघवेना.

माणसाला वाईट वाटलं की त्यानं बाजूला जाऊन बसावं. मी माइक घेतला.

“मंडळी, जरा थांबा! आज आपल्यात एक मानाचा माणूस आहे. आपल्या खांद्यावरचा टावेल ज्यानं विणला तो कलाकार!” त्याला मी हात धरून स्टेजवर आणलं. इवायांना पुढं बोलावलं. आणि मेहुण्याला, माइक बाजूला न धरता, ऐटीत ओरडून सांगितलं, “साधा नको. मानाचा आण!”

मेहुणा बिचारा आज्ञाधारक. त्याला सकाळपासून मीच शिकवलं होतं, साधे कुठले आणि मानाचे कुठले. तो धावत डबा घेऊन आला. इवायांनी सोनेरी झाकण उघडलं, जांभळा टावेल झटकला आणि माझ्या दोस्ताच्या खांद्यावर घातला. टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, “इकडं बघा काका, हसा.”

पहिल्यांदा कळलं ते वहिनींना. त्यांनी तिसऱ्या रांगेत पदर तोंडाला लावला. मग मला कळलं. माझं तोंड चालूच होतं, हातमाग, आपली माती, आपली माणसं वगैरे. मध्येच एक वाक्य अर्धंच राहिलं. दोस्तानं दोन्ही हात जोडले होते. त्याचा अंगठा त्या जांभळ्या टावेलाच्या काठावरून आपोआप फिरत होता, शिवण शोधत असावा. माझ्या कानाजवळ येऊन तो हळूच म्हणाला, “बोलत राहा, येड्या. थांबलास तर लोकांना कळंल.”

आणि मी बोलत राहिलो. काय बोललो ते विचारू नका. लग्नाच्या व्हिडिओत तो भाग आहे, आम्ही घरात कोणी तो लावत नाही.

संध्याकाळी मांडव रिकामा झाला. मी बिदागी वाटून परत आलो तर दोस्त आणि वहिनी खुर्च्यांमधून फिरत होते. उरलेले टावेल घडी घालून गोळा करत होते. माझी बायको वहिनींचा हात धरून म्हणत होती, “राहू द्या हो, वहिनी. तुम्ही पाहुण्या आहात.” वहिनी म्हणाल्या, “असू द्या. धुतले की कामाला येतेत.” तिकडं भांडी घासणारा पोऱ्या एका टावेलानं टेबलं पुसत होता. तो टावेल काठोकाठ भिजला होता, रश्शानं पिवळा झाला होता. दोस्त जवळ जाऊन उभा राहिला. “बघ,” तो मला म्हणाला, “खळ गेली. आता पेऊन राहिला पाणी.”

जांभळा टावेल त्यानं घडी घालून पिशवीत ठेवला. पुढं एकदा वहिनींनीच सांगितलं, चांगलाय, लवकर वाळतो.

फोन कोणाचा आला नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मग मी, स्वभावाप्रमाणे, आणखी एक शहाणपण केलं. इस्लापूरला माझा एक चुलत भाऊ आहे. त्याला म्हणालो, तू फोन कर, पन्नास टावेल माग, बाकी मी बघतो. भाऊ शब्दाला पक्का, पण डोक्यानं माझ्याच घराण्यातला. त्यानं फोन केला आणि म्हणाला, “लग्नातले तुमचे टावेल लई भारी होते. पन्नास पाहिजेत. अन् ते जांभळे जमले तर बघा.”

दहा मिनिटांनी दोस्ताचा मला फोन. मी काही बोलायच्या आतच तो हसायला लागला. बराच वेळ हसला. मीही हसलो. मग तो म्हणाला, “आता पुरे कर रे. तुझ्या भावाचा आवाज मला कळत न्हाई का? शब्द दिलास न, मधी बोलणार न्हाई म्हणून.”

“दिला.”

“रविवारी ये. लाकूड उचलायला माणूस येणार हाय. खड्डा बुजवायला एक हात कमी पडायलाय.”

गेलो. मी पोचेपर्यंत माग उकलून टेम्पोत गेला होता. खोली एकदम मोठी दिसत होती आणि मधोमध तो खड्डा. अंगणात मुरूम पडला होता. आम्ही दोघांनी घमेली भरभरून आत टाकली. मी जाडा म्हणून दाबायला मला आत उतरवलं. मी नाचून नाचून मुरूम दाबला, वहिनी पाणी शिंपडत होत्या, आणि तो काठावरून सांगत होता, “कोपऱ्यात दाब. तिथं बसंल बघ पावसाळ्यात.” मी दाबता दाबता वर वर येत गेलो, गुडघ्यापर्यंत, घोट्यापर्यंत, शेवटी त्याच्याबरोबरीनं जमिनीवर.

वहिनींनी तिथंच सतरंजी टाकली आणि चहा आणला. तो नेहमीच्या जागेवर बसला, भिंतीकडं तोंड करून. पाय पुढं सोडले. मग आखडून घेतले. मग एक सोडला.

“मांडी घाला की सरळ,” वहिनी म्हणाल्या.

“घालतो,” तो म्हणाला. त्यानं कप बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून डाव्या पायाखाली घेतला.