जिजाच्या नावाची मुंगी

माझी बायको एका जागी बसत नाय. बसलेली दिसली तर समजायचं, समोर मुंगी हाय.

हर्षला खोपोलीला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, मी टेंपो चालवतो. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, मास्तरीण येतेय, घराला शिस्त लागेल. कसली शिस्त नि कसलं काय. आमच्या दहिवलीच्या घरात फ्रिज उघडला की दह्याच्या भांड्याशेजारी बाटल्या, बाटल्यांत स्पिरिट, स्पिरिटात मुंग्या. पाव्हण्यांसमोर थंड पाणी काढायची मला चोरी. चुलतभावाच्या हळदीत सगळ्या बायका नाचत होत्या, नि ही मांडवामागं उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी उकिडवी, तोंडात रबरी नळी. नळीत मधे बारीक जाळी असते. ओढलं की मुंगी बाटलीत जाते, तोंडात नाय. हे मी तिच्या वतीनं किती जणांना समजावलंय, विचारू नका. तरी काकीनं मला बाजूला घेऊन विचारलंच, "सून मुंग्या खाते काय रं?"

दोन वर्षांमागं पळसदरीच्या धरणापल्याड पाचोळ्यात तिला एक मुंगी सापडली. डोकं अंगापेक्षा मोठं, नि डोक्यावर नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यासारख्या खाचा. तशी मुंगी कुठल्या पुस्तकात नव्हती, कुठल्या फोटोत नव्हती. हर्षलाची झोप उडाली. तिची उडाली म्हणजे माझी पण उडाली. तिनं ती मुंगी बंगळूरच्या एका तज्ज्ञ सरांना पाठवली. सर म्हणाले, नवी जात असू शकते, पण घाई नको. ही सैनिक मुंगी हाय. अशा मुंग्यांच्या एकाच बिळात मोठ्या डोक्याच्या सैनिक नि लहान डोक्याच्या कामकरी राहतात. सख्ख्या बहिणी, पण दिसायला एकीचा दुसरीशी मेळ नाय. तेव्हा आधी बीळ शोधा, हिच्या लहान बहिणी कोण ते बघा. त्या पण अनोळखी निघाल्या तर जात नवी. ओळखीच्या निघाल्या तर जुनीच.

नव्या जातीला नाव देतो तो शोधणारा. हर्षलानं नाव कधीच ठरवून टाकलं होतं, आईचं. माझ्या सासूचं नाव जिजा. खालापूरच्या पुढं एका गावात राहते. नवरा लवकर गेला, दिरांनी जमिनीवर नाव लागू दिलं नाय. मग लोकांची भात लावणी केली, खोपोलीत एका कारखान्याच्या कँटिनला चपात्या लाटल्या, नि पोरीला शिकवली. "आईच्या नावावर काय बी नाय," हर्षला म्हणाली. "घर नाय, गुंठाभर रान नाय. एवढं एक तरी तिच्या नावाचं असू दे."

सासू आधी फुगली. "मुंगीला माझं नाव? वाघबिघ नाय मिळाला काय गं?" पण आठवड्याभरात तिनं भजनातल्या बायकांपासून एस्टीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या नावाची मुंगी येणार हाय, जगभर छापणार हायत. मला फोन करून विचारायची, "जावईबापू, झालं काय वो मुंगीचं?" जसं काय मीच ती पोटात घेऊन बसलोय.

मग सुरू झाली वणवण. सुट्टी असली की पळसदरी. हर्षला पाचोळा चाळायची, दगड उलटायची, उठायची, परत बसायची. चहा थंड. टेंपोत बसली तरी पाय हलत राहायचा, नि मधेच ओरडायची, "अवो, थांबा." मागून ट्रकवाले आईबहीण काढायचे. गेल्या पावसाळ्यात धरणापल्याड कुणीतरी बंगल्यांसाठी जमीन सपाट करायला घेतली, तेव्हापासून तर तिच्या जिवाला घोरच लागला. मला पण धीर नव्हता. मी भाडी सोडून तिच्यासोबत हिंडायला लागलो. डोक्यात दुसरं काय शिरतच नव्हतं.

शिमग्याच्या आधीचा रविवार. ती ओढ्याच्या अंगाला गेली होती, मी करवंदीच्या जाळीशेजारी भेळ खात बसलो होतो. चार शेवा खाली पडल्या. लहान मुंग्या आल्या, शेव हलेना. मग एका दगडाखालून ती आली. तीच, पाट्याच्या डोक्याची. तिनं शेव कातरली, लहानींनी तुकडे उचलले, नि सगळ्या मिळून त्याच दगडाखाली गेल्या.

मी हाक मारली. हर्षला धावत आली, पालथी पडली, भिंग लावलं. मग खुरप्यानं माती हळूहळू बाजूला केली. आत अंडी होती, नि त्यांच्याभोवती मोठ्या, लहान, सगळ्या एकत्र.

"ह्या लहान मला ठाऊक हायत," ती म्हणाली. "शंभर वर्षांपूर्वी एका साहेबानं नाव देऊन ठेवलंय. मोठ्या त्याला मिळाल्या नव्हत्या, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे नवी नाय."

माझं डोकंच फिरलं. कुठला कोण साहेब, अर्धी मुंगी बघून नाव ठोकून मोकळा झाला. मी म्हटलं, "लहान इथंच सोड. मोठ्या तेवढ्या बाटलीत घाल. कोण येतंय बघायला?"

"तुमी गप बसा."

"अगं, आईला काय सांगशील?"

"खोट्या नावाची मुंगी देऊ आईला?" तिचा आवाज चिरका झाला. "उद्या दुसरं कुणी हाच दगड उचलील, नि माझ्या आईचं नाव खोडील. चालंल तुमाला?"

मला तर चाललं असतं. आज बी चालंल. पण तिनं दोन्ही उचलल्या, मोठ्या नि लहान, एकाच बाटलीत. सरांना तिनं खरं ते कळवलं. ते म्हणाले, मोठ्या मुंगीचं वर्णन छापू, पहिल्यांदाच होतंय, चांगलं काम हाय. नाव मात्र साहेबाचंच.

आईला फोनवर सांगायचं नाय असं तिनं ठरवलं. पुढच्या रविवारी मायक्रोस्कोप टेंपोत घालून आमी सासूचं गाव गाठलं. सासू अंगणात वाल सोलत होती. हर्षलानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हातारीनं हातातली शेंग पुरी सोलली.

"बरं," ती म्हणाली. "मग दाखव तरी. माझ्या नावाची व्हती ती."

हर्षलानं ओट्यावर मायक्रोस्कोप मांडला. सासूनं पदर खोचला, डोळा लावला.

"अगं बाई, केवढं हे डोकं. नि थोबाड बघ. हिला माझं नाव देत व्हतीस? बरं झालं नाय दिलंस ते."

आमी हसलो. हर्षला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण सासू काय डोळा काढीना.

"आई, झालं काय?"

"थांब गं. बघतेय ना."

मग ती उठली, आमच्याकडं न बघता चहा टाकते म्हणून आत गेली. हर्षला मायक्रोस्कोप आवरायला वाकली, सवयीनं डोळा लावला, नि तशीच थांबली. मग पदरानं भिंग पुसलं. ते ओलं होतं.