आईसारख्या सगळ्या

सुमे, आज फोन ठेवायची घाई करू नकोस. फोनवर ‘बरी आहेस ना गं’ विचारतेस आणि लगेच ठेवतेस, धाकटी असलीस तरी हे चालायचं नाही.

अगं, परवा नातीने तुझ्या-माझ्या आईचा फोटो मोबाईलला दाखवला. तोच, स्टुडिओतला, आई गेल्यावर तेवढा एकच तर उरलाय. म्हणाली, ‘आजी, हा असेच दिसणारे फोटो शोधून देतो.’ आणि दिले की! तशीच नऊवारी, तशीच नथ, तशीच खुर्ची आणि तसाच गंभीर चेहरा. कुणाकुणाच्या आया ओळीने बसलेल्या. आधी गंमत वाटली. एकीला तर मी म्हणालेसुद्धा, ‘ही थेट आईच!’

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघ. डोळे मिटून आईला आठवायला जावं, तर त्यांच्यातलीच कुणीतरी पुढे येते. मोबाईलला सारखं काय ते कळतं. वेगळं काय होतं ते माझ्यापाशी होतं, आणि तेच पुसट होत चाललंय.

आई हसताना आधी डोळे बारीक करायची, मग तोंडाला पदर लावायची. फोटोत ते कुठलं? सगळे म्हणतात, तू अगदी तशीच हसतेस.

लवकर ये गं. काही आणू नकोस. माझ्यासमोर बसून एकदा हस.