द्रव्याची मिती

सन दोन हजार चोवीस, मार्गशीर्ष महिना. आंब्याच्या कलमांना मोहोर धरत होता. तेव्हा हे सुरू झालं.

माणसं रोज एका टपरीवर बसली की किस्से साचतात, जांभ्या चिऱ्याच्या जुन्या खाणीत पाणी साचतं तसे. कोणी आणून ओतत नाही. आमची टपरी पावस गावाच्या रस्त्याला, शेवंतीवहिनींची. बसणारे तिघे. बाबल चिऱ्यांचा टेम्पो चालवतो. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि चिपळूण सोडून इकडे घर बांधून राहिले. ते घर मी बांधलं. मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत.

*

एकदा सर म्हणाले, "जगाला तीन मिती. लांबी, रुंदी, उंची. चौथी मिती काळ."

मी म्हटलं, "मिती म्हणजे काळच! लग्नपत्रिकेत छापतात ती. मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. मग आधीच्या तीन कुठून आल्या?"

"आबा, ती मिती वेगळी."

"शब्द एकच ना?"

"एकच."

"मग वेगळी कशी?"

सर कप हातात धरून विचार करत बसले. शेवटी बाबल म्हणाला, "सर, चहाचा काळ झाला, निवला तो!"

*

दुसऱ्या दिवशी मी टपरीपुढे दोन चिरे मांडले. तिन्ही मापं सारखी. एक खाणीच्या तळचा, घट्ट. दुसरा वरच्या थरातला, भुसभुशीत.

"उचला," मी म्हटलं.

सरांनी भुसभुशीत उचलला. घट्ट चिऱ्याला हात लावला आणि सोडून दिला.

"मापं एक, मग फरक कुठला? आतल्या मालाचा! म्हणजे माल हीसुद्धा मिती."

"आम्ही त्याला द्रव्य म्हणतो."

"म्हणा. द्रव्य ही मिती आहे की नाही?"

बाबल तेव्हा मुलीचं लग्न ठरवत होता. तो मध्येच म्हणाला, "विचारता काय वो? द्रव्य असल्याशिवाय मिती निघतच नाय!"

*

सर हटणारे नव्हेत. "आबा, मिती असेल तर तिच्यात सरकता यायला हवं. चिरा पुढे सरकतो, बाजूला सरकतो, वर जातो. तो द्रव्याच्या दिशेला सरकवून दाखवा."

मी भुसभुशीत चिरा वहिनींच्या पिंपात बुडवला. दुसऱ्या दिवशी काढला. "मापं तीच, पण जड झाला. सरकला!"

"पाणी सरकलं, आबा. चिरा जागेवर आहे."

हे बरोबर होतं. तरी मी मानलं नाही.

वहिनी कप विसळत म्हणाल्या, "कप तेवढाच ठेवून मी साखर वाढवत गेले, तर चहा कुठल्या दिशेला जातो?"

"डायबिटीसच्या!" बाबल म्हणाला.

*

पौषात वाचनालयात सरांचं भाषण झालं. विषय विश्व. हॉल भरलेला. भाषण संपल्यावर मी उठून विचारलं, "द्रव्य ही मिती धरता येईल का?"

अध्यक्ष हसले. "आजोबा, चहापान आहे. थांबून जा हां!"

सगळा हॉल हसला. सर काही बोलले नाहीत. मी चहा न घेता निघालो.

*

दुसऱ्या दिवशी टपरीवर सर म्हणाले, "आबा, कालचं उत्तर..."

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "प्रश्न सभेत विचारला. उत्तर सभेत हवं. ते तुम्ही माझं देणं लागता."

"आता सभा कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा."

त्या दिवसापासून मी सरांकडे पाठ करून बसू लागलो. वहिनी म्हणाल्या, "सर, काय असेल ते आबांच्या पाठीला सांगा. ती तरी ऐकेल!"

बाबल म्हणाला, "आबा, चौथी शिकलेल्याला एवढा ताठा कशाला?"

"पाचवी शिकलो असतो तर कमी असता."

*

फाल्गुन लागला. देवळात शिमग्याची सभा. सगळा गाव जमलेला. पालखी जुन्या वाटेने न्यायची की नव्या रस्त्याने, यावर मानकरी हमरीतुमरीवर आलेले. तेवढ्यात सर उभे राहिले. ते बाहेरचे. या सभेत ते कधी तोंड उघडत नाहीत.

"माझ्याकडून एक उत्तर राहिलं आहे."

"पालखीचं?" मोठ्या मानकऱ्यांनी विचारलं.

"नाही. द्रव्याचं."

"वर्गणीचा विषय शेवटी!"

देऊळ हसलं. सर बसले नाहीत.

"आबांनी वाचनालयात विचारलं होतं, द्रव्य ही मिती धरता येईल का. तेव्हा सगळे हसले आणि मी गप्प बसलो. प्रश्न हसण्यासारखा नाही. काही शास्त्रज्ञांनी वस्तुमान ही पाचवी मिती धरून गणितं मांडून पाहिली आहेत. सिद्ध काही झालेलं नाही. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही."

कोणी हसलं नाही. मानकरी माझ्याकडे बघू लागले.

मी उभा राहिलो. "पोचलं," म्हणालो आणि बसलो.