वाटीभर कणीक, दोनशे ग्रॅम

लग्न होऊन मी सावलीहून गडचांदूरले आली, तेव्हा घरोघरी फोन नव्हते. नवरा सिमेंट कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरी असला की झोपलेला. खिडकीवरची सिमेंटची धूळ पुसून पुसून मले वीट आला होता. बोलाले माणूस नाई, तं मी कुकरशी भांडायची.

शेजारच्या बाई तेवढ्या यायच्या, उसनं न्याले. कधी वाटीभर साखर, कधी वाटीभर कणीक. वाटी माझीच, स्टीलची. दारात उभ्या राहून दोन शब्द बोलायच्या, त्यावर माझा दिवस निघायचा. त्यांचा नवरा कंपनीच्या काट्यावर ट्रकांचं वजन करायचा.

साखर परत आली ती वाटीभरच. पण कणीक पिशवीत आली, अन् वाटीत ओतली तं काठावर ढीग होऊन, शीग लागूनही उरली. बेसन तं जवळपास दुप्पट. आमच्या धानाच्या मुलखात पायलीनं मोजतात. उसनं परत करताना वर शीग लावायची, ती मायेची. सपाट पायली परक्याले. मले वाटलं, बाईंले माझी माया लागली. खोटं काऊन सांगू, मी झोपलेल्या नवऱ्याले उठवून ते बेसन दाखवलं. भजे कर म्हणाला, अन् कूस बदलून झोपला.

मंग मी वाटच पाहत बसायची. बाईंच्या घरची कणीक संपावी, पाहुणे यावे, असं मनात म्हणायची.

एका दुपारी मीच त्यांच्याकडे गेली. त्यांचा नवरा खाली तराजू मांडून बसला होता, मले परत द्यायची कणीक मोजून राह्यला होता. मोठ्या कौतुकानं त्यानं मले समजावलं. वाटीभर साखर एकदा तोलून पाह्यली, दोनशे ग्रॅम भरली. तेव्हापासून वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम, मंग साखर असो की बेसन. कोणाचं कणभरही ठेवायचं नाई, असा त्याचा नेम. बाई फक्त पिशवी आणून द्यायच्या.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे ती शीग मायेची नव्हती, तराजूची होती. मी फटकन बोलली, "भाऊ, साखर जड असते. कणकेची वाटी दोनशे भरत नाई."

त्यानं तिथंच वाटी भरून तोलली. सव्वाशेच्या आसपास भरली. तो बिचारा ओशाळला. बाईंनी माझ्याकडे पाह्यलं.

"इतके दिवस काऊन नाई सांगितलं, पोरी?"

मले जास्तीच्या पिठाची हाव सुटली, असंच त्यांले वाटलं असेल. मी हसल्यासारखं केलं अन् घरी आली.

दुसऱ्या दिवशी बाई पिशवी घेऊन आल्या. आता बरोबर आहे का पाहून घे म्हणाल्या, अन् दारातच थांबल्या. मी ओतली. वाटी काठोकाठ भरली, वर चिमूटभरही नाई. बरोबर आहे म्हणून मी मान हलवली. त्या गेल्यावर दार लावलं अन् ओट्याले टेकून हमसून हमसून रडली. त्या गावात माझं कोणी नाई, हे आता पक्कं झालं होतं. बाई मंग उसनं न्यालेही कधी आल्या नाई.