लिंबाखालचं स्टूल

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, तिसऱ्या प्रहरी, गणपतच्या ओसरीवर एका स्टुलाची किंमत आठ आणे हाली, म्हणजे निजामी नाण्यात, ठरली. हजर आम्ही तिघं: त्याची बायको सरूवहिनी, तिचा भाऊ आणि मी. ठरवली मीच. गणपतचं तेरावं आदल्याच दिवशी झालं होतं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्याचे पैसे घेऊन म्या काय करू? न्या ठेसनावर, पोरीबाळींच्या कामाला येऊ द्या." पैसे माझ्या खिशात राहिले आणि स्टूल माझ्या घरी आलं.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याचं. इथं रूळ आधी आले, गाव मागून. रुळांच्या कामावर मजूर आले, त्यांना धान्य विकायला माझे वडील आले, मग बाकीचे... कागदोपत्री गावाला नाव आहे, पण सगळे 'ठेसन'च म्हणतात. माझं आडतीचं दुकान, समोर गणपतचा गाडीतळ. डोंगरातली माणसं त्याच्याकडे बैलगाडी सोडून रेल्वेनं जालन्याला जात. माझं माप चोख, तरी माणसं आधी त्याच्या दारात बसत. तेही मी सोसलं. सोसलं नाही ते वेगळंच.

ठेसनाचा फलाट आखूड. परभणीच्या गाडीचा बायकांचा डबा जाता-येता फलाटाच्या पुढं, लिंबापाशी, खडीवर थांबतो. तिथून पायरी फार उंच. कडेवर पोर घेऊन, लुगडं सावरत बायका चढणार कशा? गणपतनं बाभळीचं स्टूल केलं आणि गाडीच्या वेळेला ते घेऊन लिंबाखाली उभा राहू लागला. कुणी सांगितलं नव्हतं.

माझी कुसुम परभणीला दिलेली. सासरी निघाली की गाठोडं माझ्या हातात, तिकीट मी काढलेलं, आणि तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे.

"बाबा, काका आले का हो?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहातच. पण काका?"

मग तो यायचा, स्टूल काखेत मारून. "जल्दी कर पोरी! ही गाडी काही तुझ्या बापाची न्हाई. त्याची असती तर भाडं मोजल्याबिगर हाललीच नसती!" तोवर डोळे पुसत असलेली माझी लेक खुदकन हसायची आणि चढायची. मी गाठोडं धरून हमालासारखा बाजूला. पोर माझी, रडणं माझ्या वाट्याचं, हसणं मात्र त्याचं... परत येताना मी मुद्दाम त्याच्या दोन पावलं पुढं चालायचो. त्याच्या ते कधी ध्यानात आलं नाही, याचाही राग यायचा.

तापाचं निमित्त होऊन तो गेला. कुसुम आली, वहिनींच्या गळ्यात पडून रडली. माझ्यासाठी ही एवढी रडेल का, हे त्या वेळीही माझ्या मनात आलंच.

स्टूल घरी आणून ठेवलं तर डगमगायला लागलं. बघितलं, दोन पाय आखूड. मला वाकडी वस्तू घरात खपत नाही. एकनाथ सुताराला बोलावलं, "बराबर कर" म्हणालो. त्यानं आखूड पायांना ठोकळे ठोकले, सहा आणे घेतले. स्टूल ओसरीवर कसं ताठ उभं राहिलं!

कुसुम परत निघाली तेव्हा ते मी लिंबाखाली मांडलं. तिथं रुळाकडची खडी उंच, अलीकडे उतार. कुसुमनं पाय ठेवला आणि स्टूल माझ्याकडे कललं. "बाबा, धरा!" म्हणत तिनं दोन्ही हातांनी माझा खांदा घट्ट धरला. मी तिला सावरून चढवलं. गाडी गेली. गणपतनं पाय आखूड का ठेवले होते, ते मला तिथंच कळलं. रुळाकडे ते दोन पाय, म्हणजे स्टूल सपाट.

पण घरी येईपर्यंत तो खांदा मला वेगळा जाणवत होता. इतक्या वर्षांत तिनं माझा आधार असा कधी घेतला नव्हता. ठोकळे काढायचे नाहीत असं मी ठरवलं, आणि काही आठवडे ते ठरलेलं राहिलं.

परवा परभणीहून निरोप आला. कुसुम चैत्रात येतेय, पहिल्या बाळंतपणाला. अवघडल्या पोटानं ती त्याच डब्यातून, त्याच जागी उतरणार...

आज सकाळी स्टूल एकनाथकडे नेलं.

"ठोकळे काढ."

"अन् मालक, तुम्हीच तर बराबर कर म्हणल्ते!"

"गणपतनं केलं होतं, तेच बराबर होतं. काढ."

आधीचे सहा आणे, आजचे दोन. स्टुलाचे आठ आणे हाली पूर्ण झाले. एकनाथ सुताराला दिले.