आक्कांच्या भिंतीवरचा पिक्चर

आमच्या अनगोळच्या गल्लीत पिक्चर दाखवायचं ठरलं ते रविवारी संध्याकाळी पाचला, आणि साडेसातला तो सुरूसुद्धा झाला. एवढ्या झटपट आमच्या गल्लीत आजवर काही झालेलं नाही, भांडणं सोडली तर.

माझ्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहते. कडोलीची, इथं बँकेत नोकरीला. तिनं हौसेनं एक छोटासा प्रोजेक्टर घेतला होता आणि खोलीच्या भिंती, माझ्याच कृपेनं, पोपटी. मे महिना, घरात बसवत नाही, अख्खी गल्ली पायऱ्यांवर वारा घेत बसलेली. ती खाली आली आणि म्हणाली, "बाई, बाहेरच लावूया की! समदेच बघतील."

"लाव की," मी म्हटलं. "करंट माझ्या घरातनं घे."

म्हणून बसले आणि मग ध्यानात आलं, की पांढरी, लांबलचक अशी भिंत गल्लीत एकच आहे. समोरच्या आक्कांची. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं आणि एकदम दुसरीकडं बघितलं. कारण आक्कांशी मी दीड वर्ष बोलत नव्हते.

आक्का निपाणीकडच्या जैन घरातल्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हाच मी शाळेत नोकरीला लागले. घरात त्यांचं कन्नड, आमच्याशी मराठी. तीस वर्षं आमचा चारचा चहा एकत्र, आज त्यांच्या अंगणात, उद्या माझ्या पायरीवर. माझ्या दारात सगळी फरशी, म्हणून त्यांच्या मोकळ्या जागेच्या कडेला मी कढीपत्त्याचं रोप लावलं होतं. जागा त्यांची, रोप माझं, पानं गल्लीची. दीड वर्षापूर्वी मी दहा दिवस बहिणीकडं कोल्हापूरला गेले. परत येते तर काय! त्यांच्या मुलानं बेंगळूरहून येऊन पुरुषभर उंच कंपाऊंड घातलेलं, पत्र्याचं गेट लावलेलं, आणि कढीपत्ता गायब.

माझा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडले, "लेकरासारखं वाढवलेलं झाड तोडलंत! आता तुमच्या दारात पाऊल ठेवीन तर नावाची नाही!" एवढं भांडतानाही अहोजाहो सुटलं नाही, हे आमचं वैशिष्ट्य. आक्का काही बोलायला लागल्या होत्या. मी ऐकून घेतलं नाही.

पहिला महिना मी ताठ होते. दुसऱ्या महिन्यापासून चारच्या सुमाराला हात आपसूक दोन कप काढायचे. पण शपथ गल्लीच्या साक्षीनं घेतलेली, मोडायची कशी? त्या भिंतीला नावं ठेवत दिवस काढले. ती एका टोकाला पोट सुटल्यागत गल्लीत फुगली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवायची, "बघा, गवंडी पिऊन आलता वाटतं."

तर त्या दिवशी मुलगी एकटीच आक्कांकडं गेली आणि दोन मिनिटांत हसत परत आली. "व्हय म्हणाल्या! वर इचारलं, बाईंनी करंट दिलाय न्हवं? मग भिंत माझी."

हे ऐकलं आणि माझे हातपाय हलायला लागले. आता काहीतरी करायलाच हवं. क्षमा वगैरे मागणं माझ्या जिभेला जमत नाही, ते हातांनीच करावं लागतं. मुगाची डाळ भिजत घातली. कांदा नको, लसूण नको, बटाटा तर नकोच, सगळं बरोब्बर आठवत होतं. बाहेर पिक्चर कुठला यावर वाद चालला होता. अर्धे मराठी म्हणाले, अर्धे कन्नड. मग आमच्याकडं नेहमी होतं तेच झालं, भांडण नको म्हणून हिंदी ठरला. जुना, रडारडीचा, सगळ्यांनी चारदा बघितलेला.

पिक्चर सुरू झाला. गल्लीत चटया पसरलेल्या, खुर्च्या आलेल्या. आक्का आपल्या गेटाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी गरम भज्यांचं ताट घेऊन निघाले. माझी सावली भिंतीवर पडली तसे लोक ओरडले, "बाई, वाका की!" मी वाकून गेले आणि ताट त्यांच्यापुढं धरलं.

आक्कांनी ताटाकडं बघितलं. मग मान वर करून आभाळाकडं बघितलं.

आभाळ काळंकुट्ट. अगं बाई! आक्का सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत. तीस वर्षं हळदीकुंकू असो की बारसं, त्यांचं ताट मी पाचलाच नेऊन देत आले, घड्याळाकडं न बघता. दीड वर्षात माझ्या हातांची ती सवय गेली होती. कांदा लक्षात राहिला आणि सूर्य विसरले! आता सगळ्या गल्लीला वाटणार, की बाईनं भर मांडवात मुद्दाम अपमान केला. आणि आक्कांना वाटलं तर? मग संपलंच सगळं.

आक्कांनी ताट घेतलं, मांडीवर ठेवलं आणि पदरानं झाकलं. मी तिथंच चटईच्या कडेला बसले. पुढ्यात पिक्चर चालला होता, पण मला दिसतच नव्हता.

तेवढ्यात लोक हसायला लागले. नायक मरणाच्या दारात, डोळ्यांत पाणी, आणि त्याचा डावा गाल टम्म फुगलेला! तोंड पडद्याच्या त्या टोकाला गेलं की दाढ सुजल्यागत दिसायचं. पाठीमागनं कुणीतरी म्हणालं, "आक्का, गवंड्यानं भिंत लई वाकडी बांधली की हो!"

"गवंड्याचा काय दोष न्हाय," आक्का म्हणाल्या. "मीच बांधायला लावली तशी."

"ती हो कशाला?"

"बाईंच्या कढीपत्त्याची मुळी वाचवायला. पोरगं ऐकंना, सरळ रेघेत खोदूया म्हणालं. झाड गेलं, पण मी बुडाला हात लावू दिला न्हाय. भिंत गल्लीत गेली तर जाऊ दे म्हटलं."

ज्या फुगवट्याला दीड वर्ष मी हसत होते, त्याच्या पलीकडं माझं झाड होतं.

"मग सांगायचं न्हाई का आक्का?" मी म्हटलं.

आक्का भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "दारात पाऊल ठेवणार न्हाय म्हणालासा. गेटाच्या आत हाय ते. दाखवू कसं?"

नायक एकदाचा मेला. गल्लीतल्या बायका रडल्या, त्यांच्यात मीही हात धुऊन घेतले. साडेदहाला सगळं आवरून लोक घरी गेले.

सकाळी माझं ताट परत आलं, घासून लख्ख केलेलं. रिकामं ताट परत करायचं नसतं, म्हणून त्यात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या होत्या. घेऊन आक्का स्वतः आल्या होत्या. "भजी रातीच पोरांना वाटली," म्हणाल्या. "शिळं आम्हाला चालत न्हाय. आज ऊन हाय तवर करा, आणि घेऊन या."

या, म्हणाल्या. पाठवून द्या म्हणाल्या नाहीत.

मी पावणेचारलाच ताज्या भज्यांचं ताट घेऊन निघाले. सूर्य अजून चांगला तापत होता, माझी मैत्रीण भुकेली नव्हती, पण परत चूक नको. पत्र्याचं गेट उघडंच होतं. उंबऱ्याशी माझा पाय अडला. समोर, भिंतीच्या फुगवट्यात, तोडलेल्या बुंध्याभोवती कमरेएवढं हिरवंगार झुडूप उभं होतं. मातीचं आळं केलेलं, ताजं पाणी घातलेलं. म्हणजे मी बाहेर शिव्या मोजत असताना ही बाई आत रोज पाणी घालत होती.

गेले आत. ताट आक्कांच्या हातात दिलं, झाडाशी खाली बसले आणि सरळ रडायला लागले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! कुणाला दिसतंय, कुणाला नाही, कशाची पर्वा राहिली नाही.

आक्का म्हणाल्या, "बाई, जरा बाजूला सरून रडा की. खारट पाणी नगासा घालू त्याला, आत्ता कुठं जीव धरलाय."

आणि चहा ठेवायला आत गेल्या.